घरून फ्रीलान्सिंग: कामाची वेळ ठरवून घ्यावी की नाही?

पाचपाखाडीकर
मी घरून सबटायटल्स करते. माझं स्पष्ट मत आहे की घरून काम करणाऱ्याने वेळ ठरवून घ्यायलाच हवी, आणि ती घरच्यांना, शेजाऱ्यांना, वॉचमनलाही माहीत हवी. शिस्तीचा विषय निघाला की सगळे मोबाइल लांब ठेवा, पहाटे उठा असंच सांगतात. माझं लक्ष मोबाइलपेक्षा 'तू घरीच असतेस ना' यानेच जास्त मोडतं. मजल्यावरची बाकीची तिन्ही घरं सकाळी लोकलला पळतात, म्हणून सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे. इंटरकॉम वाजतो, "मॅडम, सातशे तीनचं पार्सल आलंय, घ्याल का?" घ्यायला दोनच मिनिटं लागतात. पण वाक्य पडद्यावर कधी यायचं, कधी जायचं हे फ्रेम फ्रेम जुळवत असताना मध्येच उठलं, की सीन मागे नेऊन पहिल्यापासून ऐकावा लागतो. आता दहा ते दीड मी इंटरकॉम उचलत नाही. सासूबाईंना आधी रुचलं नव्हतं. आता त्याच आलेल्याला "दीडनंतर ये" सांगतात.

नेरूळ_वेस्ट
अजिबात पटलं नाही. ऑफिसचंच वेळापत्रक घरी आणायचं तर नोकरी काय वाईट होती? माझे क्लायंट न्यूयॉर्कचे. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात, मार्चमध्ये पुन्हा साडेसहा. मी कितीही वेळ ठरवली तरी ती हलणारच. म्हणून मी काम ठरवतो: आज दोन स्क्रीन डिझाइन करायच्या. तीनला झाल्या तर लॅपटॉप बंद, रात्री अकरा वाजले तर अकरा. आणि शेजाऱ्याचं पार्सल घेतलं तर बिघडलं कुठे? मी बाहेर असलो की माझ्या आईची औषधं तेच आणून देतात.

पाचपाखाडीकर
अडीनडीला नाही म्हणायचा प्रश्नच नाही, पण पार्सल म्हणजे अडीनडी नव्हे. कामाच्या सवयींवर संशोधन करणाऱ्या सोफी लरॉय यांनी २००९ साली मांडलंय की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. मी हे रोज अनुभवते. आणि 'अकरा वाजले तर अकरा' हेच मला घातक वाटतं. हाताशी जितका वेळ असेल तितकं काम पसरत जातं, हे ब्रिटिश लेखक पार्किन्सनने १९५५ मध्येच लिहून ठेवलंय.

कळवा_वनबीएचके
तुम्हा दोघांकडे दार लावून घ्यायला खोली आहे, म्हणून वेळेवर वाद चाललाय. आमच्याकडे पाच माणसं, बाबा रिटायर्ड, टीव्ही हॉलमध्ये आणि माझं टेबलही हॉलमध्येच. रात्री दहाला तिथे गाद्या पडतात, त्यामुळे अकरापर्यंत बसायची सोयच नाही. मी स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून बसतो. आजूबाजूला एमपीएससी आणि सीएची मुलं मान खाली घालून वाचत असतात, तिथे मोबाइल चाळायची लाज वाटते. अडचण एकच, आत फोनवर बोलायचं नाही. म्हणून क्लायंटना सांगून टाकलं की कॉल चारनंतर, आणि ते मी जिन्यात उभा राहून घेतो. आधी जागा बघा, वेळेचं नंतर.

नेरूळ_वेस्ट
जागेचं शंभर टक्के मान्य. वेळेचं नाही.

पाचपाखाडीकर
पण कळवाकर, तुम्हाला चारनंतर कॉल ठेवता आले ते क्लायंटला आधी सांगितलंत म्हणूनच ना? तेच घरच्यांना सांगा, एवढंच माझं म्हणणं. न सांगता चिडचिड करण्यापेक्षा ते बरं.

नेरूळ_वेस्ट
क्लायंटला मीही सांगतो. घरच्यांना सांगायला माझं मन धजत नाही आणि धजावं असं वाटतही नाही. आई सत्तरीची आहे. तिला दुपारी बँकेत जायचं असेल तर मी नेणार आणि स्क्रीन रात्री करणार. नोकरी सोडली ती यासाठीच.