गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) काठी धरायची आहे, छातीत स्टेंट आहे

बाराबंदीवाला, सोलापूर

राम राम मंडळी. वय ५४. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग अडला की पाना घेऊन पळणारा माणूस. ऑगस्टमध्ये रात्रपाळीला छातीत दाटून आलं. संध्याकाळी कडक भाकरी-शेंगा चटणी जरा जास्तच हाणली होती, म्हटलं गॅस असेल. सोडा प्यायलो आणि वर दोन तास मागाखाली वाकून काम केलं. घामानं शर्ट पिळायची वेळ आली तेव्हा बरोबरच्या पोरांनी रिक्षात घातलं. मनगटातून अँजिओ झाली, एक स्टेंट पडला (नस उघडी ठेवणारी जाळी), चौथ्या दिवशी घरी.

आता अडीच महिने झालेत. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ४५ टक्के आहे, जरा कमीच. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला रोज ४० मिनिटं चालतो, दम लागत नाही. पण घरच्यांनी मला काचेचं भांडं करून ठेवलंय. पाण्याची कळशी उचलली की बायको पोळी तव्यावर टाकून पळत येते. पोरगी फोनवर हळू बोलते.

आणि रात्र. मागाच्या खडखडाटात ३० वर्षं काढली, तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आता घर शांत झालं की उशीत ठोके ऐकू येतात. मोजत बसतो. ५८ भरतात, पूर्वी ८० असायचे. कमी कमी होत थांबायचे तर नाहीत? हसू नका.

खरा प्रश्न हा, की २२ वर्षं मी गड्ड्याला नंदीध्वजाची काठी धरतोय, मिरवणुकीत पेलायची ती उंच, जड काठी. भोगीला अडुसष्ट लिंगांची फेरी, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. सराव आता तोंडावर आलाय. घरात विषय काढला तर आई जेवायची थांबली. दोस्त म्हणतात, सिद्धरामेश्वर बघून घेतील, धर बिनधास्त. दोन्ही ऐकून कंटाळलो. अटॅकनंतर जड काम परत केलेलं कुणी आहे का इथं?

---

खडूवाल्या बाई

भाऊ, मी ६३ ची, शाळेतून निवृत्त. माझ्या छातीत दुखलंच नाही. जबडा, पाठ आणि दरदरून घाम. दाढ दुखतेय म्हणून लवंग धरून बसले होते, अर्धा दिवस त्यात गेला.

काठीचं मला कळत नाही, पण उशीतले ठोके मला ठाऊक आहेत. मी डाव्या कुशीवर झोपायचं सोडलं तेव्हा ते जरा कमी झाले. तरी महिनाभर पीठ चाळता चाळता रडू यायचं, कारण काही नाही. शेवटी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, अटॅकनंतर असं मन खचणं पुष्कळांना होतं, लपवू नका, यालाही उपाय आहेत. तुम्हीही सांगा. पुरुष माणसं इको दाखवतात आणि हे गिळतात.

पुढच्या तपासणीला बायकोला सोबत न्या. माझ्या मुलाला डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, तेव्हा कुठे त्यानं मला जिना चढू दिला.

---

लाल डबा

मी एसटीत ड्रायव्हर होतो. काठीपेक्षा गोळ्यांकडं बघा. मला स्टेंट टाकून पाच महिने झाले होते, एकदम ठणठणीत. दात काढायला गेलो, तिथं सांगितलं रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. केल्या, हार्टवाल्या डॉक्टरला न विचारता. सहाव्या दिवशी त्याच स्टेंटमध्ये गुठळी, परत तीच टेबल, परत तोच खर्च. दाताचं राहूनच गेलं.

आपण होऊन एक गोळी सोडायची नाही. कोण काय म्हणतंय ते स्टेंट टाकणाऱ्याच्या कानावर घालायचं, मग ठरवायचं.

---

फिजिओ, होटगी रोड

आधी ५८ चं सांगतो. तुम्हाला मेटोप्रोलॉलसारखी गोळी असणार, चिठ्ठी बघा. तिचं कामच ठोके कमी करून हृदयावरचा भार उतरवायचं. चक्कर, अंधारी नसेल तर ५८ ला घाबरायचं कारण नाही. चक्कर आली तर मात्र लगेच कळवा.

आता काठी. चालण्यात आणि पेलण्यात फरक आहे. जड वस्तू स्थिर धरताना माणूस नकळत श्वास कोंडतो, दात आवळतो, आणि त्या क्षणी बीपी झपकन वर जातं. ४० मिनिटं चालता येतं म्हणून काठी झेपेल असं धरून चालू नका. हा निर्णय आईचा नाही आणि दोस्तांचाही नाही. इको परत आणि ट्रेडमिलची टेस्ट झाल्यावर डॉक्टर सांगतील. ते हो म्हणाले तर हळूहळू वजन वाढवत जायचं, उचलताना श्वास सोडायचा. थेट सरावाला जाऊन उभं राहायचं नाही.

खिशात जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती बसून घ्यायची, उभ्यानं घेतली तर बीपी उतरून पडायला होतं. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८. सोडा नाही.

(चटणीत मीठ किती असतं ते घरी बघा. शेंगांशी माझं भांडण नाही.)

---

बाराबंदीवाला, सोलापूर

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो, बायको सोबत. ५८ त्या गोळीमुळंच. ट्रेडमिल पुढच्या सोमवारी. डॉक्टर तिला म्हणाले, कळशी उचलू द्या, अर्धी भरून. आज सकाळी तिनं खरंच अर्धी भरून ठेवली होती, मोजल्यासारखी.

रात्रीचंही बोललो. बोलताना आवाज फाटला, बायको खिडकीबाहेर बघत बसली.

काठीचा फोटो दाखवला मोबाइलवर. डॉक्टर गावाकडचे नाहीत, बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हिचं वजन किती? २२ वर्षं धरली, पण मला सांगता येईना. संध्याकाळी आमच्यातल्या जुन्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणाला, वजन कशाला पाहिजे, तू धरणार आहेस की विकणार आहेस?