मदत हवी आहे : सोसायटीची वीज-पाणी-कचरा एकत्र योजना, प्रदूषणाचा हिशेब कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

इंदूरला बायपासजवळ आमची २४० फ्लॅटची सोसायटी आहे. बिल्डरने एक एकत्र योजना पुढे केली आहे. पाइपच्या गॅसवर जनरेटर, त्याच्या उष्णतेवर घरोघरी गरम पाणी, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला, शिवाय ओल्या कचऱ्यापासून गॅस. पत्रकात म्हटलंय, 'पर्यावरणावरचा भार निम्मा'. कशाच्या निम्मा, ते कुठेच नाही. स्वच्छतेत 'नंबर वन शहर' म्हटलं की कमिटीतले अर्धे लोक आधीच विरघळतात, त्यामुळे प्रश्न मलाच विचारावे लागणार.

पाण्याचं मला पटतं. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढून येतं. नुसती ४०० मीटर चढण धरली तरी पंपांची तूट मिळवून हजार लिटरला दीड युनिट जातंच. फ्लशला वाचेल तेवढी ही वीज वाचली. पण शुद्धीकरणाची वीज यातून वजा करायची का? सांडपाणी कुठेतरी शुद्ध करावंच लागणार ना!

कचऱ्याचं मात्र काही खरं नाही. आमचा ओला कचरा आजही गाडीतून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटलाच जातो (२०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा रोजची क्षमता ५५० टन). तिथे होणारा गॅस इथे केला तर नवा फायदा कोणता?

खरी अडचण जनरेटरची. उष्णता वापरली तर इंधनातली ७५-८० टक्के ऊर्जा कामी येते, म्हणतात. पण इंदुरात मे महिन्यात गरम पाणी कोण घेतंय?

कुणी असा हिशेब केलाय का?

प्रतिसाद १
ताई, मे महिन्याचा मुद्दा धरूनच ठेवा. उष्णता वाया गेली की इंजिन ३५-४० टक्क्यांवर येतं. तरीही ग्रिडच्या वीजेमागे युनिटला ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, गॅस इंजिनचा अर्धा किलोच्या जरा वर. म्हणजे बचत आहे, निम्मी नाही. त्यात न जळलेला मिथेन सुटतो, तो शंभर वर्षांच्या हिशेबात पंचवीसपटींहून जास्त तापवतो.
आणि कोळशाचा धूर वीजकेंद्रापाशी राहतो, या जनरेटरच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू तुमच्या गॅलरीत येणार. कार्बन आणि हा धूर, दोन्हींची बेरीज करू नका, वेगळे आकडे मागा. धुराड्याची उंची, रात्रीचा आवाज आणि सांडपाण्याचा गाळ कुठे टाकणार, हे लेखी घ्या.
शुद्धीकरणाची वीज पूर्ण वजा करू नका, फक्त फ्लशसाठी जादा गाळणी आणि पंप लागतील तेवढी.

धागाकर्ती
आभार दादा. गाळाचं डोक्यातच नव्हतं. धुराडं सर्वात उंच इमारतीच्या गच्चीवर नेलं तर वरच्या मजल्यांना त्रास होईल का? आमचं घर सातव्यावर आहे, म्हणून जरा स्वार्थी प्रश्न.