मदत हवी आहे: पोस्टफिक्सची रांग फुगतेय

सातपूर एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचा मेल गेटवे (बाहेरचे मेल आधी घेऊन आतल्या सर्व्हरकडे देणारा सर्व्हर) उबुंटूवर पोस्टफिक्स या मेल सॉफ्टवेअरने चालतो. सोमवारपासून डिफर्ड रांग (न पोचलेले, पुन्हा पाठवायचे मेल) ४,००० वर गेलीय. रांग दाखवणाऱ्या पोस्टक्यू -पी मध्ये बहुतेक ओळींवर पाठवणारा 'मेलर-डेमन', म्हणजे ते बाउन्स (मेल न पोचल्याच्या सूचना) आहेत. कारण सापडलं: नसलेल्या पत्त्यांवरचा स्पॅम गेटवे आत घ्यायचा, आतला सर्व्हर नाकारायचा आणि बाउन्स खोट्या पत्त्यांकडे निघायचे. रिले_रेसिपियंट_मॅप्स (खऱ्या पत्त्यांची यादी) भरल्यावर नवीन स्पॅम दारातच अडतोय. फ्लश करून (सगळी रांग लगेच पुन्हा पाठवून) उपयोग झाला नाही, उलट लोड वाढला.

सरसकट पोस्टसुपर -डी ऑल डिफर्ड (सगळी डिफर्ड रांग पुसणारी कमांड) चालवता येणार नाही, त्याच रांगेत ग्राहकांची कोटेशन्स अडकलीत, ती जायलाच हवीत.

फक्त मेलर-डेमनचे मेल कसे काढायचे? आणि बाउन्स_क्यू_लाइफटाइम (बाउन्स रांगेत ठेवायची मुदत) ५ दिवसांवरून १ केला, तर रांगेतल्या जुन्या बाउन्सनाही तो लागू होईल का?