प्रति: ‘लेस’ की ‘फ्यूअर’?

इंग्रजीत ‘कमी’साठी ‘लेस’ (less) आणि ‘फ्यूअर’ (fewer) असे दोन शब्द आहेत. ‘टेन आयटम्स ऑर लेस’ (दहा किंवा कमी वस्तू) या दुकानातल्या पाटीत ‘फ्यूअर’ हवे, असे म्हणत काही जण ती सरळ चूक ठरवतात. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’, न येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम शाळेपुरता ठीक. पण त्याचा उगम पाहा: १७७० मध्ये इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी ‘फ्यूअर’ आपल्याला अधिक डौलदार वाटते असे मत मांडले. पुढे त्या मताचाच नियम झाला! त्याआधी, थेट ९व्या शतकातल्या इंग्रज राजा आल्फ्रेडच्या लेखनापासून, मोजता येणाऱ्या वस्तूंनाही ‘लेस’ चालत होते.

खरी फसगत होते ती अंतर, वेळ, पैसे, वजन यांत. ‘फ्यूअर दॅन फाइव्ह माइल्स’ नियमाला धरून आहे, पण कानाला खटकते. कारण तिथे मैल सुटे मोजायचे नसतात, एकूण अंतर सांगायचे असते. म्हणून ‘लेस दॅन फाइव्ह माइल्स’. ‘वन लेस थिंग टु वरी अबाउट’ (काळजीची एक गोष्ट कमी) यामध्ये ‘फ्यूअर’ घुसवणे हा तर निव्वळ अतिशुद्धतेचा सोस.

औपचारिक लेखनात मात्र ‘फ्यूअर मिस्टेक्स’च लिहावे. तिथे ‘लेस’ दिसले की संपादकाची लाल रेघ ठरलेली.