मदत हवी आहे: ठिबकत्या छतात रूफ बोल्ट धरत नाही

वणीकडची भूमिगत कोळसा खाण, छत वालुकाश्माचं. रूफ बोल्ट म्हणजे छत कोसळू नये म्हणून छतातल्या भोकात पक्की बसवायची लोखंडी सळई; आमची १.८ मीटर लांब, २२ मिमी जाड. भोक ३२ मिमी. बोल्ट भोकात धरून ठेवणारी सिमेंट कॅप्सूल (सिमेंटची पुडी) पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवतो. कोरड्या भोकात अर्ध्या तासात ३ टन, दोन तासांत ५ टन पकड मिळते. पण मृग लागला की भोकातून पाणी ठिबकतं, सिमेंट सेट होण्याआधीच ओघळतं. बोल्टच्या तोंडाशी छताला टेकणाऱ्या प्लेटवर राखाडी रेघ दिसली की समजायचं, पुल टेस्टला (बोल्ट ओढून पकड तपासताना) बोल्ट सरकणार.

रेझिन कॅप्सूलला (सिमेंटऐवजी रासायनिक गोंद, भोकात बोल्ट फिरवून मिसळायचा) हे भोक मोठं पडतं, मिसळण नीट होत नाही. म्हणून २८ मिमीची ड्रिल बिट लावायचा विचार आहे. ओल्या भोकात रेझिन कोणी लावलंय का? किती सेकंद फिरवलं? शेजारी पाणी उतरवायचं भोक आधी मारून फरक पडतो का? त्या छताखाली माणसं राबतात भाऊ, अंदाज नको, टेस्टचे आकडेच सांगा.