वादळात पडलेल्या झाडांच्या जागी फक्त देशी झाडेच लावावीत का?

माटुंगेकर (धागाकर्ता):
17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईलगतच्या समुद्रातून पुढे सरकले, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटरपर्यंत गेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, 3 जूनला, निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकले होते. अशा वादळांनी उद्यानांत ज्या जागा रिकाम्या होतात, तेथे पुन्हा गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात, शिवाय ऐन मे महिन्यात त्याचा पसारा फुलांनी लगडलेला असतो. ताम्हण, बकुळ, करंज, उंडी ही आपली झाडे असताना हा अट्टहास कशासाठी?

भायखळेकर:
आपला मुद्दा रस्त्यांपुरता मान्य करता येईल, पण सरसकट नियम म्हणून तो घातक आहे. 1862 साली खुली झालेली राणीची बाग मुळात वनस्पतींचा संग्रह म्हणून उभी राहिली. तिथली गोरखचिंच आफ्रिकेतली आहे. ती उद्या उन्मळून पडली, तर तिच्या जागी करंज लावून आपण काय जपले, असे म्हणणार? कैलासपती तर दक्षिण अमेरिकेतला, तरीही त्याच्या फुलातील शिवपिंडीला आपण भक्तिभावाने हात जोडतो. शिवाय वादळ झाडाचे मूळ गाव विचारत नाही; वड-पिंपळही कोलमडतात.

बागकामवाला:
दोघांचेही म्हणणे वाचले, पण पडलेल्या झाडाचा बुंधा कोणी निरखून पाहिल्याचे दिसत नाही. आमच्या भागातील एका उद्यानात आडव्या झालेल्या झाडाची मुळे एका बाजूला अगदी सरळ रेषेत तुटलेली होती. पायवाटेची कडा बसवताना ती छाटली गेली असावीत. दुसऱ्या एका तरुण झाडाची मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीच्या आकारातच वेटोळे घालून राहिली होती, कारण रोप पिशवीत वाजवीपेक्षा जास्त काळ ठेवून तसेच खड्ड्यात उतरवलेले होते. असे रोप ताम्हणाचे असले तरी पावसाने माती भिजून सैल झाली की जोराच्या वाऱ्यात तग धरणार नाही. म्हणून जात ठरवण्याआधी खड्डा किती रुंद, बुंध्याभोवती उघडी माती किती आणि छाटणी दोन्ही बाजूंनी समतोल आहे की नाही, हे ठरवावे. (छाटणीच्या नावाखाली एकाच अंगाच्या फांद्या उडवणे हा तर आपल्या शहराचा आवडता उद्योग!)

माटुंगेकर:
मुळांबद्दल वाद नाही. परंतु नीट लावलेला गुलमोहर आणि नीट लावलेली बकुळ यांची तुलना केली, तरी वाऱ्यापुढे बकुळच उजवी ठरेल. संग्रहासाठी जोपासलेल्या बागेला अपवाद ठेवायलाही माझी हरकत नाही. गल्लीतल्या उद्यानात मात्र कोणताही संग्रह नसतो. तेथे मुले खेळतात आणि बाकांवर ज्येष्ठ नागरिक बसतात, त्यामुळे फांदी मोडण्याची शक्यता हाच पहिला निकष असायला हवा.

भायखळेकर:
त्याच बाकांवर पुढची कित्येक वर्षे ऊन येणार आहे, त्याचे काय? बकुळ सावकाश वाढते, पर्जन्यवृक्ष लवकर छत्र धरतो. मोकळ्या जागेच्या मध्यभागी, बाकांपासून आणि खेळण्यांपासून दूर, एखादा पर्जन्यवृक्ष राहू द्यावा आणि कडेने बकुळ लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे.