बागेचं जेवण: भाकरी कुठे भाजायची? (शुक्रवारच्या आत कळवा)

प्रेषक: वाफा १७

मंडळी,

सिॲटलमधल्या आपल्या सामुदायिक बागेत उंच वाफ्यांच्या निधीसाठी ठरलेल्या शनिवारी जेवण ठेवलंय, त्यासाठी घ्यायच्या चर्चच्या स्वयंपाकघराचे पैसे येत्या शुक्रवारी भरायचे आहेत. नाही भरले तर तो शनिवार दुसऱ्या कुणाला तरी जाईल, म्हणून घाई.

मेनू गेल्या बैठकीत ठरला तोच आहे: पिठलं, भाकरी, भरली वांगी, मसालेभात, टोमॅटोचं सार, श्रीखंड. पानं ८०. अडलंय फक्त भाकरीपाशी.

आजवर जेवण आपल्याआपल्यात असायचं, जो तो घरून करून आणायचा. यंदा तिकिटं लावली आहेत आणि शेजारपाजारच्या लोकांनाही विकतोय, तेव्हा किंग काउंटीच्या आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना लागणार. त्यात घरच्या ओट्यावर शिजवलेलं काहीही चालत नाही. एक तर मान्यता असलेल्या स्वयंपाकघरात करा, नाहीतर तिथेच जागेवर करा. बाकीचे सगळे पदार्थ आपण चर्चमध्ये करून बागेत आणू शकतो. भाकरीही तिथेच भाजून आणायची, की बागेत शेगडी लावायची? शेगडी लावायची तर तसं अर्जात लिहावं लागेल, आणि अर्ज दोन आठवडे आधी द्यायचा आहे.

स्वयंपाकाला आणि वाढायला जे उभे राहणार त्या प्रत्येकाकडे फूड वर्कर कार्ड हवं. ऑनलाइन परीक्षा आहे, १० डॉलर, पहिलं कार्ड दोन वर्षं चालतं. कुणाकडे आधीच आहे ते कळवा.

प्रेषक: वाफा ४

बाळा, चर्चमध्ये भाजून फॉइलमध्ये गुंडाळून आणलेली भाकरी मी कुणाच्या पानात वाढणार नाही, हे आधीच सांगते. फॉइलमध्ये वाफ धरते, वरचा पापुद्रा ओला होतो आणि अर्ध्या तासात भाकरी चामट. शेजारची माणसं आयुष्यात पहिल्यांदा भाकरी खाणार आणि ती अशी?

इथल्या दुकानातलं ज्वारीचं पीठ कधी दळलेलं असतं देव जाणे. विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेलेली असते, थापताना कडा फाटतात. त्यावर उपाय आहे. पाणी खळखळून उकळवायचं, चिमूटभर मीठ, त्यात पीठ घालून झाकण ठेवायचं, कोमट झालं की तळहाताच्या टाचेनं चांगलं रगडून मळायचं. मग फाटत नाही. पण हे लागेल तसं दोन-दोन भाकऱ्यांपुरतं मळावं लागतं. सकाळी मळून ठेवलेल्या पिठाची दुपारी भाकरी होत नाही.

तेव्हा बागेतच. अवजारांच्या खोलीच्या बाजूला वारा कमी लागतो, तिथे दोन शेगड्या लावा. माझे बिडाचे तवे मी आणते.

प्रेषक: वाफा २२

काकू, एक हिशोब करून बघितला. माणशी दोन म्हटलं तरी १६० भाकऱ्या. किलोला साधारण ११ धरल्या तर १५ किलो पीठ. एका तव्यावर एक भाकरी थापण्यापासून फुगेपर्यंत तीन मिनिटं, म्हणजे दोन तव्यांवर तासाला ४०. चार तास तुम्ही उभ्या राहणार का? चार तवे हवेत, आणि थापणारी चार माणसं. तसं थापता येणारं आपल्याकडे कोण आहे?

दुसरं म्हणजे, एवढं सगळं कशासाठी? सरळ पॉटलक ठेवू. प्रत्येकानं काहीतरी आणायचं, दाराशी देणगीची पेटी. ना परवाना, ना चर्च, ना कार्ड.

प्रेषक: वाफा १७

पॉटलकचा विचार झाला होता. पॉटलकला सूट आहे ती कुणाकडून पैसे घेतले जात नाहीत म्हणून. आपण कागदावर ‘वाफ्यांसाठी निधी’ असं लिहून दाराशी पेटी ठेवायची आणि पॉटलक म्हणायचं, हे मला पटत नाही. शेजाऱ्यांना बोलावलंय तर त्यांच्या पोटाची जबाबदारी आपली. भात दुपारभर कोमट राहिला की त्यात बॅसिलस सेरियस हा जंतू वाढतो, आणि पुन्हा गरम केल्यानं त्याचं विष जात नाही. ८० माणसांचा मसालेभात दहा घरांतून दहा वेळांना आला तर तो किती वाजता शिजला, हे कुणाला ठाऊक असणार?

प्रेषक: खजिनदार

पैशांबद्दल लिहितो, कारण दोघांनी मला वेगळ्या मेलवर विचारलं.

तिकीट ४० डॉलर. जोडप्याचे ८० झाले. देणगीच्या बदल्यात जेवण मिळतं आणि रक्कम ७५ च्या वर जाते, तेव्हा आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, नियमानं आपल्याला लेखी कळवावं लागतं की यातलं जेवण इतक्याचं आणि करसवलतीला धरायची रक्कम इतकी. जेवणाची किंमत आपण माणशी १५ धरू, म्हणजे जोडप्याला ५० ची सवलत. पावती मी त्याच दिवशी देणार आहे. कुणी सगळेच्या सगळे ८० कंपनीच्या मॅचिंगला (आपल्या देणगीइतकीच भर कंपनी घालते त्याला) टाकू नका, त्यातली देणगी तेवढीच टाका. ज्यांना जेवणाशिवाय निव्वळ देणगी द्यायची आहे त्यांनी तसं कळवलं तर पूर्ण रकमेची पावती मिळेल. आणि पैसे गोळा करायला दाराशी मीच बसेन, दोन-दोन ठिकाणी रोकड नको.

प्रेषक: वाफा ९

सर्वांना नमस्कार.

कशासाठी एवढं, असं विचारलं गेलं म्हणून लिहितो. नवीन मंडळींना कदाचित माहीत नसेल. सिॲटलमधल्या या बागा पिकार्डो कुटुंबाच्या शेतापासून सुरू झाल्या. १९७० च्या सुमारास बोईंगमधून हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्याच काळात डार्लिन रुंडबर्ग या विद्यार्थिनीनं त्या इटालियन कुटुंबाकडून त्यांच्या शेताचा तुकडा मागून घेतला आणि शाळेच्या मुलांना हाताशी धरून गरजूंसाठी भाजी पिकवली. १९७३ मध्ये शहरानं ती योजना आपल्याकडे घेतली. आज शहरात नव्वदच्या आसपास पी-पॅच, म्हणजे अशा बागा, आहेत. तेव्हा शेजारच्या पोटात चार घास जाणं हे या बागांचं मूळच आहे. ते जेवण शेजाऱ्यांना बोलावून, नीट रांधून, वाढून झालं पाहिजे.

आता पैशांचं. हे पैसे उंच वाफ्यांसाठी आहेत, ते कुणी विसरू नये. वाफा ६ च्या आजी आता खाली बसू शकत नाहीत. मुलगा त्यांना व्हीलचेअरवर आणतो, त्या कुंपणापाशी थांबून आपल्याला तण दाखवतात. मेथी कुठल्या ओळीत विरळ करायची ते लांबून सांगतात आणि त्यांचं बरोबर असतं. २७ इंच उंचीचा, एका बाजूनं हात पोचेल असा दोन फूट रुंद वाफा आणि पुढे तीन फूट मोकळी वाट, एवढं झालं की त्या स्वतः खुरपं धरतील. येत्या उन्हाळ्याला पुष्कळांचे आईवडील येणार आहेत, त्यांच्याही कामी येईल.

लाकूड सिडरचंच घ्यावं. कुणीतरी घरामागच्या जुन्या डेकच्या फळ्या फुकट देतो म्हणाले. त्यांचे आभार, पण त्या नकोत. २००३ च्या आधीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात बहुधा आर्सेनिक असतं. भाजीच्या मातीला ते लागता कामा नये.

शनिवारबद्दल एक शंका आहे. तो दिवस पितृपक्षात येतो. मला स्वतःला अडचण नाही, पण विचारलेलं बरं.

प्रेषक: वाफा १२

काका, पितृपक्षात अन्नदान करावं असंच आमच्याकडे मानतात, आम्हाला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती वांग्याला. माझ्या सासूबाई आणि आणखी तीन-चार घरं चातुर्मास पाळतात, कांदा, लसूण, वांगं काहीच नाही. पिठल्यातही कांदा-लसूण. मग त्यांनी भात आणि श्रीखंडावर उठायचं का? तिकीट तर पूर्ण भरलंय.

तारीख पुढे नेऊ असंही कुणी म्हणू नका. सप्टेंबर संपला की पाऊस लागतो आणि सातलाच अंधार होतो.

प्रेषक: वाफा ३१

मेथीचा विषय निघालाच आहे म्हणून. जूनमध्ये पेरलेली माझी सगळी मेथी आणि कोथिंबीर वीतभर होण्याआधीच फुलावर आली. लांब दिवसांना असंच होतं, पाणी कितीही घाला. ऑगस्टअखेर पुन्हा पेरली, ती आत्ता कोवळी लुसलुशीत आहे. वहिनी, चातुर्मासवाल्यांसाठी माझ्या वाफ्यातली मेथी न्या. मुगाच्या डाळीची परतून भाजी छान होईल. फक्त पानं उलटून बघून घ्या, गोगलगाई आहेत. लोहाच्या फॉस्फेटचे दाणे टाकलेत तरी रात्री येतातच.

जेवणाच्या पैशांतून मागच्या कोपऱ्याला नळही घ्यावा असं माझं जुनं म्हणणं आहे. जुलै-ऑगस्ट इथे कोरडे ठाक जातात आणि आम्ही मागचे लोक पाइप ओढत बसतो.

प्रेषक: खजिनदार

नळ या जेवणातून नाही. तिकिटावर उंच वाफे लिहिलंय, लोकांनी त्यासाठी पैसे दिलेत, ते त्यालाच जातील. नळाचं वसंतातल्या बैठकीत मांडा, मी पाठिंबा देईन.

प्रेषक: वाफा ४

मेथीची मूगडाळ घालून भाजी उत्तम. हिंग-जिऱ्याची फोडणी, ओलं खोबरं. वेगळ्या कढईत, वेगळ्या डावानं. ते मी करते.

वाफा २२ ला सांगायचं आहे की थापणारी माणसं आहेत. वाफा ६ च्या आजींच्या सूनबाई सोलापूरच्या आहेत, हातावर थापतात, परातसुद्धा लागत नाही. वाफा १५ चा मुलगा माझ्याकडे येऊन शिकलाय, त्याची भाकरी आता पूर्ण फुगते. चार तवे होतील.

पण मला दुसरीच चिंता लागली आहे. कुणीतरी म्हणालं की हातमोजे घालावे लागतील. रबराचे हातमोजे घालून भाकरी थापता येत नाही. पिठाचा अंदाज बोटांना लागतो. कडेला जाड राहिली की हात सांगतो. हातमोज्याची अट असेल तर भाकरीच रद्द करा आणि पाव ठेवा, मी येऊन मेथी करून जाईन.

प्रेषक: वाफा १७

काकू, पाव नको, भाकरीच होईल. परीक्षेचं पुस्तक पुन्हा काढून वाचलं. उघड्या हाताची बंदी आहे ती खायला तयार असलेल्या अन्नाला. कच्चं पीठ पुढे तव्यावर भाजलं जाणार आहे, त्यामुळे स्वच्छ धुतलेल्या हातानं थापायला हरकत नाही. तव्यावरून उतरलेल्या भाकरीला मात्र हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची, चिमट्यानंच पानात ठेवायची. तूप चमच्यानं. म्हणजे थापणारा वेगळा आणि उतरवून वाढणारा वेगळा, असे जोड्या लावून उभे राहू.

हात धुवायची सोय शेगडीजवळच हवी: तोटीचा मोठा पिंप, त्यात कोमट पाणी, खाली बादली, साबण, कागदी रुमाल. हात पुसायला पदर किंवा नॅपकिन नाही.

बाकीचं असं ठरवते, हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत लिहा.

श्रीखंड चर्चच्या फ्रिजमध्ये, वाढताना बर्फाच्या परातीत, ४१ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही. पिठलं, वांगी, भात, सार १३५ च्या खाली नाही. दोन सुईचे थर्मामीटर मी आणते, दर तासाला कागदावर आकडा लिहायचा. भात त्याच दिवशी दुपारी शिजवायचा, आदल्या रात्री नाही. पिठलं दोन पातेल्यांत, एक बिनकांद्या-लसणाचं, त्यावर हिरवी चिठ्ठी. मोड आलेल्या मटकीची कोशिंबीर कुणीतरी सुचवली होती. कच्चे मोड जोखमीचे असतात, ती नको. काकडीची करू.

शेगड्या उघड्यावर, तंबूखाली नाही. पाऊस आला तर भाकरी चर्चच्या स्वयंपाकघरात भाजायची आणि पंगतही आतच बसवायची, म्हणजे तव्यावरून थेट पानात येईल. काकू, तेवढं चालेल ना?

प्रेषक: वाफा २२

पॉटलकचं मागे घेतो. भात कोमट राहण्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. कार्डाची परीक्षा आत्ताच दिली, तासाभरात होते. मी उतरवणाऱ्यांत उभा राहतो. तव्याचं गणित मात्र चारचंच धरा, आणि पहिली पंगत बसायच्या आधी अर्धा तास सुरुवात करा.

प्रेषक: वाफा ४

पंगत तिथेच बसणार असेल तर चालेल.

बिडाचे तवे माझ्याकडे तीन आहेत, चौथा कुणाकडे? नॉनस्टिक नको, त्यावर भाकरीला डाग पडत नाहीत. आणि १५ किलो पीठ आधीपासून आणून ठेवू नका. रेडमंडच्या दुकानात गुरुवारी नवा माल येतो, जेवणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी मला कुणीतरी गाडीतून न्या. मी पुडा उघडून चिमूटभर पीठ पाण्यात मळून बघीन, मगच बाकीचे घेऊ.

प्रेषक: वाफा १५

चौथा तवा आमच्याकडे आहे. शुक्रवारी नऊला काकूंना घ्यायला मी येतो.